मे महिन्यातला रेनकोट

होळी आटोपली की पुण्यात एक सकाळ अशी उजाडते, की खिडकी उघडली तरी गारवा आत येत नाही. काल होता, आज नाही. वारज्यातल्या आमच्या इमारतीसमोरच्या टेकडीवरचं गवत तोवर पार वाळलेलं असतं आणि दुपारी कुठून तरी जळका वास यायला लागतो. कुणी आग लावली की आपोआप लागली, यावर दरवर्षी सोसायटीत वाद होतो आणि दरवर्षी टेकडी काळी होते. या दिवसांत बाकीची माणसं आंब्यांबद्दल बोलतात. मी शेजारच्या माणसाच्या कपाळाकडे बघत असते. बसमध्ये, बँकेत, भाजी घेताना. कपाळ ओलं दिसलं की मला बरं वाटतं.

ही सवय मला एका उन्हाळ्यानं लावली.

तेव्हा मी चाळिशीला टेकले होते आणि हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करत होते. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका दिवसभर शोधायच्या. त्या कामानं माझी पाठ धरली होती. चपलेचा पट्टा लावायला वाकायचं तर आधी भिंतीचा आधार शोधावा लागे. रात्री कूस बदलताना जाग यायची आणि मग पहाटेपर्यंत छताकडे बघणं. त्यात चिडचिड इतकी, की मुलीनं पेन्सिल खाली पाडली तरी माझा आवाज चढे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर म्हणाले, ‘व्यायाम करा.’ सगळे डॉक्टर सगळ्यांना सांगतात तसं.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर संध्या बसायची. माझ्याहून बरीच लहान, तिशीच्या आतली. तिचं घर येरवड्याला. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आई ती शाळेत असतानाच गेलेली. रोजचं जाणं-येणं लांब पडतं म्हणून ती वारज्यात दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहत होती आणि रविवारी घरी जायची. तिच्या घरात इंजिनिअर झालेली ती पहिली. त्यांच्या गल्लीत लहान मुलांना अभ्यासाला बसवायचं असलं की आया तिचं नाव घेत. ती हे हसत सांगायची, पण सांगताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहायची.

एका दुपारी तीच म्हणाली, “अनुताई, आपल्या हायवेजवळ त्या टाइल्सच्या शोरूमच्या वर हॉट योगा सुरू झालाय. गरम खोलीत करतात. तुमच्या पाठीला बरं पडेल. चला ना, मला एकटीला कसंतरी वाटतं.”

मी अकोल्याची. गरम खोलीत मुद्दाम जाऊन बसायचं, या कल्पनेचंच मला हसू आलं. आमच्या मजल्यावरच्या गोखलेकाकूंना कळलं तेव्हा त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “घामच गाळायचाय ना? मग आमच्या गच्चीवर या. पापड राखायलाही कुणी तरी हवंच आहे.”

तरी गेले.

लांबट खोली, एका भिंतीला आरसे, वर कोपऱ्यांत हीटर. हवेत वाफ सोडणारं एक यंत्र होतं, त्यात निलगिरीच्या तेलाचे थेंब टाकलेले. दार उघडल्याबरोबर नाकात गरम रबर आणि निलगिरीचा वास शिरला आणि माझं अंग क्षणभर मागे सरलं. बाहेर मार्च होता, आत ऐन मे. शिकवणाऱ्या मृणालताई मुळात फिजिओथेरपिस्ट. बारीक चणीच्या, केस मागे घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना खाली बसवून सांगितलं, “दिवसभर पाणी प्या. पोट गच्च भरून येऊ नका आणि उपाशीही येऊ नका. गरगरलं तर खाली बसा. बसण्यात कमीपणा नाही. ज्याला वेळेवर बसता येतं, त्याला मी चांगला विद्यार्थी म्हणते.”

मग हात हनुवटीखाली गुंफून श्वास. नुसता श्वास, तरी कपाळ ओलं झालं. मग बाजूला वाकणं, मागे वाकणं, एका पायावर तोल. नडगीला घाम येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. पापण्यांना येतो. हाताच्या मागच्या बाजूला मोत्यांसारखे थेंब उभे राहतात आणि मग एकमेकांत मिसळून कोपरापर्यंत धावतात. शेवटी शवासनात पडले तेव्हा माझ्या पाठीला जमीन लागली. सगळी पाठ, वरपासून खालपर्यंत. हे कित्येक महिन्यांत घडलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिथं सगळेच इतके ओले होते की कुणाला कळलं नाही.

त्या खोलीनं मला जे दिलं ते मी आजही नाकारत नाही. ऊब मिळाल्यावर ताठरलेले स्नायू कणीक मळल्यासारखे सैल होत. काही आठवड्यांत मी भिंतीशिवाय चपला घालू लागले. जिने चढताना गुडघे कुरकुरेनासे झाले. भूक वेळेवर लागायची, आणि झोप तर लहानपणी जत्रेतून आल्यावर यायची तशी यायची. पण शरीराहून मोठी गोष्ट वेगळीच होती. एका पायावर उभं असताना नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब लटकतो, खाज सुटते, आणि हात हलवायचा नसतो. आधी वाटतं, आता सहन होणार नाही. मग थेंब पडतो. खाज जाते. आपण उभेच असतो. अस्वस्थ वाटलं म्हणजे लगेच काही केलंच पाहिजे असं नसतं, हे मला कुठल्याही पुस्तकानं शिकवलं नव्हतं. घरी मुलीच्या पेन्सिली पडत राहिल्या आणि मी त्या उचलून देऊ लागले. अमेरिकेतला आमचा मॅनेजर फोनवर ओरडायला लागला की मी श्वास मोजायची आणि त्याचं बोलणं संपायची वाट बघायची.

आणि तो त्या वर्षी फार ओरडत होता. तिकडच्या बँका बुडाल्या होत्या आणि त्याची धग हिंजवडीपर्यंत आली होती. आमच्या ऑफिसात मीटिंगच्या खोल्यांना नद्यांची नावं होती. इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा. मुठा सगळ्यात लहान, कोपऱ्यातली, बिनखिडकीची. आधी तिथं कुणी फिरकत नसे. मार्च संपता संपता एकेकाच्या टेबलावरचा फोन वाजू लागला आणि पलीकडून एकच वाक्य यायचं, ‘जरा मुठात येता का?’ जो जाई तो थोड्या वेळानं सिक्युरिटीच्या माणसाबरोबर बाहेर येई. टेबलावरचा गणपती, मुलांचे फोटो, कॉफीचा मग असं सगळं खोक्यात भरून, कुणाकडे न बघता लिफ्टकडे जाई. उरलेले आम्ही स्क्रीनकडे बघत राहायचो. एसी इतका थंड असायचा की बायका खांद्यावर शाल घेऊन बसायच्या. कुणाचाही फोन वाजला की सगळ्या मजल्याची बोटं कीबोर्डवर थांबायची.

संध्याचा चेहरा त्या दिवसांत पांढरा पडलेला असे. फक्त त्या गरम खोलीत तो सैल व्हायचा.

“तासभर काहीच आठवत नाही अनुताई,” एकदा क्लासनंतर जिन्यात टॉवेलनं केस पुसत ती म्हणाली. “मुठा नाही, बाबा नाही, काही नाही. घाम निघून जातो ना, तसं सगळं निघून जातं.”

“आणि नंतर?”

“नंतर संध्याकाळपर्यंत टिकतं.” मग टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाली, “आधी टिकायचं. आता ऑफिसला पोचेपर्यंत संपतं.”

मला तेव्हा ते वाक्य नीटसं आवडलं नाही, एवढं आठवतं.

ती आपली चटई हीटरच्या खाली सरकवू लागली. शिरा ताणल्या जाईपर्यंत प्रत्येक आसन धरू लागली, बाकीचे सोडत तेव्हा ती अजून धरून असे. मग सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा येऊ लागली. मृणालताईंच्या ते चटकन लक्षात आलं. त्यांनी तिला सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही, बाजूला घेऊन सांगितलं, “दिवसातून एकदाच. आणि मधे एक दिवस सुट्टी. नाहीतर मी तुला घेणार नाही.” संध्यानं मान हलवली. तिचं वजन उतरलं होतं, गालाची हाडं वर आली होती, त्वचा चकाकत होती. ऑफिसात जो तो तिला विचारायचा, ‘काय करतेस गं, किती छान दिसायला लागलीयेस.’ त्या स्तुतीचीच मला जास्त धास्ती वाटे. ज्याच्याबद्दल काळजी वाटायला हवी त्याचं सगळे कौतुक करत होते.

उन्हाची भीती माझ्या घरातूनच आली आहे. अकोल्याला एप्रिल लागला की आई आम्हाला दुपारी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायची नाही. बाहेरून आलेल्याच्या कपाळाला ती आधी हात लावायची, मग पाणी द्यायची. आम्हा भावंडांना म्हणायची, “घाम येऊ द्या. आला नाही तं सांगा मले.” एका वैशाखात माझे धाकटे मामा एस. टी. स्टँडवरून भरदुपारी चालत आले. ओसरीवर बसले आणि अगदी शांतपणे विचारू लागले, ‘माझी सायकल कुठे ठेवली?’ त्यांच्याकडे सायकल नव्हती. आईनं कपाळाला हात लावला आणि तिचा हात तिथंच थांबला. कपाळ कोरडं होतं, तव्यासारखं. ओली चादर, कांद्याचा रस, डॉक्टर, सगळं झालं. संध्याकाळी दिवेलागणीला मामा गेले. मी आठ-नऊ वर्षांची असेन. माणूस मरताना ओरडतो असं मला वाटायचं. मामा सायकल शोधत गेले.

हे मी संध्याला सांगितलं होतं. कॅन्टीनमध्ये, ती ताटातला भात चिवडत असताना.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ते बाहेरचं ऊन, ताई. त्यावर आपला इलाज नाही. आपल्या खोलीतलं आपल्या हातात आहे. बटण बंद केलं की बंद.”

मेमधल्या एका रविवारी, ऊन उतरायला अजून वेळ होता तेव्हा, मी गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेले. समोरची टेकडी तोवर जळून काळी झालेली. त्या काळ्यावर एक निळा ठिपका वर सरकत होता. वाटलं, कुणाची प्लॅस्टिकची पिशवी उडतेय. मग ठिपक्याला हात दिसले. कुणी तरी रेनकोट घालून टेकडी चढत होतं. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता. गोखलेकाकूही त्यांच्या गॅलरीत होत्या. त्या नेहमीसारखं काही तरी तिरकं बोलतील असं वाटलं, पण त्या इतकंच म्हणाल्या, “अहो, ती तुमची मैत्रीण ना?”

मी पाण्याची बाटली घेऊन गेले. पायाखाली जळकं गवत मोडून राख उडत होती. संध्या वरच्या खडकावर बसली होती, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या, टोपी डोक्यावर. रेनकोटच्या बाहीतून पाणी ठिबकावं तसा घाम ठिबकत होता. चेहरा लालबुंद, आणि चेहऱ्यावर समाधान.

“येरवड्याला नाही गेलीस?”

“बाबांना सांगितलं, काम आहे.”

“काढ ते आधी.”

“थोडा वेळ, ताई. आत्ता कुठे डोकं रिकामं झालंय.”

मी स्वतःच गुंड्या सोडल्या. तिनं अडवलं नाही. आतला कुर्ता पिळून काढण्यासारखा झाला होता. बाटली तिच्या तोंडाला लावली आणि आईनं विचारलं असतं तेच विचारलं, “लघवीला होतंय का नीट?”

ती हसली. “चहासारखी होते. पाणी प्यायलं की बरं होतं.”

“डोकं दुखतं?”

“ते सगळ्यांचंच दुखतं.”

मी तिला धरून खाली आणलं, आमच्या घरी पंख्याखाली बसवलं, लिंबूपाणी दिलं, रात्री जेवायला ठेवून घेतलं. त्याच संध्याकाळी मृणालताईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी त्या तिला दारातच म्हणाल्या, “डॉक्टरांना दाखव. रक्त, लघवी तपासून घे. तोवर इथं यायचं नाही.” संध्या मुकाट परत फिरली. पुढचे काही दिवस ती क्लासला आली नाही. ऑफिसात मी रोज विचारायची, गेलीस का डॉक्टरकडे? ती म्हणायची, जाते.

शुक्रवारी जेवणानंतर तिच्या टेबलावरचा फोन वाजला. मजल्यावरची सगळी बोटं थांबली. ती उठली, ओढणी नीट केली आणि मुठाकडे गेली. मी तिच्या टेबलाकडे बघत होते. तिथं वडिलांबरोबरचा एक फोटो होता आणि एक छोटं कॅक्टस. खोक्यात भरायला फार काही नव्हतं.

ती एकटीच बाहेर आली. बरोबर सिक्युरिटीचा माणूस नव्हता.

“ठेवलं मला,” ती खुर्चीत बसत म्हणाली. “टीममधले बाकीचे जाणार. त्यांचं काम माझ्याकडे.”

मी तिचा हात धरला. एसीमध्येही तो गरम होता. सुटकेचा आनंद मी तिच्या चेहऱ्यावर शोधत राहिले. तिनं स्क्रीनकडे तोंड वळवलं आणि हळूच म्हणाली, “या वेळी ठेवलं.”

शनिवारी सकाळी ती क्लासला हजर. मृणालताईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, “दाखवलं डॉक्टरांना. ठीक आहे म्हणाले.” मृणालताईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मागच्या रांगेत, दाराजवळ जागा दिली. ती कुठल्याच डॉक्टरकडे गेली नव्हती आणि त्या सकाळीही रेनकोट घालून टेकडी चढून आली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

त्या दिवशी खोलीत नेहमीपेक्षा शांतता होती असं मला आठवतं. कदाचित मागाहून तसं वाटत असेल. श्वास झाला, वाकणं झालं. एका पायावर उभं राहून दुसरा पाय हातात धरायचा, नजर आरशात स्वतःवर ठेवायची. माझी नजर माझ्यावर राहिली नाही. आरशात सगळी रांग दिसत होती. सगळे चकाकत होते, प्रत्येकाच्या हनुवटीवरून थेंब पडत होते. एकटी संध्या चकाकत नव्हती. तिचं कपाळ कोरडं होतं. भुवयांवर मिठाचे पांढरे कण होते.

तिनं पाय खाली ठेवला आणि स्वच्छ, ऑफिसातल्या आवाजात विचारलं, “मुठा रिकामी आहे का? माझी मीटिंग आहे.”

काही जण हसले. त्यांना वाटलं, विनोद आहे.

मला मामांची ओसरी दिसली. पण हात कापले नाहीत, हे मी मुद्दाम सांगते आहे. इतके आठवडे ज्या खोलीत मी अस्वस्थतेत उभं राहायला शिकले होते, त्याच खोलीत ते शिकणं कामाला आलं. एक श्वास घेतला आणि तिच्याकडे गेले. कपाळाला हात लावला. ओरडले नाही. “ताई, हिचा घाम थांबलाय,” एवढंच म्हणाले. मृणालताईंनी हीटर बंद केले, दोन्ही दारं उघडली. आम्ही तिला उचलून जिन्यात आणेपर्यंत तिचे पाय झटके द्यायला लागले होते.

नळ सोडला तर गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्या वेळीही कोमट येत होतं. मी खाली धावले. शोरूमशेजारी रसवंती होती. रसवाला नुकतीच आलेली, गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी फोडत होता. मी म्हटलं, “सगळा द्या, माणूस जातंय.” त्यानं काही विचारलं नाही, गोणपाटासकट लादी खांद्यावर टाकून माझ्यामागे जिना चढला. बर्फाचे तुकडे तिच्या मानेखाली, काखेत, जांघेत ठेवले. प्यायच्या पाण्याचं पिंप तिच्यावर ओतलं. कुणी चटईनं वारा घालत होतं. मृणालताई तिचं डोकं एका कुशीवर धरून सारख्या तिच्या नावानं हाक मारत होत्या. संध्याचे डोळे उघडे होते, पण ते आमच्यापैकी कुणावर थांबत नव्हते. बर्फ तिच्या अंगावर ठेवला की बघता बघता त्याचं पाणी होत होतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, स्नायू आतून तुटून त्यांचा चोथा रक्तात उतरलाय, त्यानं किडन्या बंद पडल्यात. जागेवर बर्फ मिळाला म्हणून मेंदू वाचण्याची आशा आहे. पुढचं आत्ता काही सांगता येणार नाही.

तिचे वडील आले. पांढरा सदरा, पायात साध्या चपला, हातात कापडी पिशवी. पिशवीत तिच्यासाठी घरून आणलेली चादर होती. त्यांनी मला नमस्कार केला आणि सगळं ऐकून घेतलं. ते बरीच वर्षं विहारात ध्यानाला बसत आले होते, हे मला संध्यानं एकदा सांगितलं होतं. त्यांनी पिशवीतली चादर काढून मांडीवर घेतली. मग त्यांनी विचारलं, “ताई, ती तिथं काय शोधत होती?”

“तिला भीती वाटायची. तिथं गेल्यावर थांबायची.”

“मला म्हणायची, योगा करते, श्वासाचं शिकवतात. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, श्वासाकडे आली पोरगी.” ते चादरीची घडी उलगडून पुन्हा घालत होते. “पण श्वास बघायचा असतो. तिनं तो कामाला लावला. भीती घालवायच्या कामाला. आणि मी तिला कधी विचारलंच नाही, की भीती कशाची वाटते. वाटलं, एवढी मोठी नोकरी आहे, हिला कसली भीती.”

 काचेपलीकडे मशीनमधून तिचं रक्त फिरून परत तिच्यात जात होतं.

ती वाचली. त्यासाठी कितीतरी वेळा डायलिसिस करावं लागलं. बऱ्याच दिवसांनी किडन्या हळूहळू जाग्या झाल्या, पहिल्यासारख्या मात्र नाही. ती शुद्धीवर आली तेव्हा शनिवार तिच्या डोक्यातून पूर्ण पुसला गेला होता आणि शुक्रवारचं मुठातलं प्रत्येक वाक्य लख्ख होतं. तिनं नोकरी सोडली. येरवड्याला घरी परतली आणि पुढं जवळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवू लागली. आता तिला ऊन सोसत नाही. मार्च ते जून ती सकाळी लवकर बाहेर पडते आणि दुपारी खिडक्यांना ओले पडदे लावून घरात बसते. कधी कधी बोलताना शब्द सापडत नाही, तेव्हा ती डोळे मिटते आणि तो येईपर्यंत थांबते. वडील शेजारी असले तर तेही थांबतात.

मृणालताईंनी त्यानंतर काही महिने क्लास बंद ठेवला. पुन्हा सुरू केला तेव्हा खोली पूर्वीइतकी तापवली नाही, लोक कमी घेतले, दर थोड्या वेळानं थांबून सगळ्यांना पाणी प्यायला लावू लागल्या. मी परत गेले. घरच्यांना ते पटलं नाही, गोखलेकाकूंनी तर माझ्याशी काही दिवस अबोला धरला. पण माझी पाठ मला त्या खोलीनं परत दिली होती, आणि मनाचा जो थोडा स्थिरपणा माझ्यापाशी आहे तोही तिथलाच. ज्या उबेनं मला बरं केलं तिनंच शेजारच्या चटईवरच्या मुलीला जाळलं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीनं दुसरी खोडली जात नाही. पहिली काही वर्षं मी त्यांचा मेळ घालायचा प्रयत्न करत होते. आता घालत नाही.

एकदा येरवड्याला तिच्या घरी गेले असताना संध्यानं विचारलं, “अजून जाता?”

“जाते.”

“बरं वाटतं?”

“वाटतं.”

तिनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थोडी ओढ होती. 

या वर्षीही सकाळचा गारवा गेला. ऑफिसांत पुन्हा कुजबुज सुरू झाली आहे. या वेळी कारण वेगळं सांगतात, माणसांची कामं आता मशीनच करणार म्हणतात. मी निवृत्तीच्या जवळ आले, मला त्याची धग लागत नाही. पण क्लासला येणाऱ्या मुली माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत आणि शवासनातही त्यांच्या पापण्या फडफडत असतात.

परवा क्लास सुटल्यावर त्यातली एक जिन्यात माझ्याजवळ आली. नवीनच यायला लागलेली, बाणेरच्या कुठल्याशा कंपनीत आहे. गळ्यात टॉवेल, चेहरा तजेलदार. म्हणाली, “मॅम, तुम्ही सीनियर आहात. ताईंना सांगा ना, टेम्परेचर थोडं वाढवायला. आजकाल मला काही फीलच होत नाही.”

मी जिन्यातच थांबले. तिला पाण्याबद्दल सांगता आलं असतं, किडन्यांबद्दल, त्या उन्हाळ्याबद्दल. ते सगळं ती ऐकून घेईल आणि मान हलवेल, हे मला माहीत होतं.

“तुला भीती कशाची वाटते?” मी विचारलं.

ती हसली. “भीती? नाही, मी तर फक्त...”  तिनं एकदा खाली रस्त्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग ती पायरीवर बसली. मीही तिच्याशेजारी बसले.